पोहता येत नाही, तरी समुद्रातल्या गुहेत जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एक ताई फेब्रुवारीत घरच्यांना घेऊन थायलंडला निघाल्या आहेत. कोह लांता बेटावर मुक्काम, तिथून एका दिवसाची 'चार बेटं' सहल, आणि त्या सहलीतलं मुख्य आकर्षण म्हणजे कोह मूक बेटावरची पाचूची गुहा. सोबत आई आहेत, वय ६३, गुडघे दुखतात, पोहता येत नाही. मुलगा ९ वर्षांचा, तलावात पोहतो. नवरा चांगला पोहतो, ताई स्वतः जेमतेम. सहलवाले सांगतात, "लाइफ जॅकेट देतो, पोहायला यायची गरजच नाही." हे खरं मानावं का, आणि आईंना आत न्यावं का?

आधी माझं सांगते, म्हणजे या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मुंबईत मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. हिवाळ्यात एक-दोन छोटे गट घेऊन त्या किनाऱ्यावर जाते. या गुहेत आजवर अकरा वेळा आत गेले आहे. तीनदा तोंडाशी जाऊन परत फिरले. आणि त्या अकरातल्या एका वेळी जायला नको होतं, तरी गेले. ते पुढे सांगतेच.

सहलवाले खोटं बोलत नाहीत. पोहता न येणारी कितीतरी माणसं दर हंगामात तिथून आत जाऊन हसत बाहेर येतात. पण ताई, तुम्ही विचारलंय त्याच्या मागे तीन वेगळे प्रश्न दडलेत. तुम्ही तोंडाशी पोचाल तेव्हा पाणी चढत असेल की उतरत असेल? त्या वेळी बोगद्यात किती माणसं असतील? आणि "आज नको" असं म्हणायची मोकळीक कोणाला असेल? तुमच्या जॅकेटपेक्षा आणि नवऱ्याच्या पोहण्यापेक्षा मी या तिघांना जास्त मानते.

गुहा कशी आहे ते आधी डोळ्यांपुढे आणा. थाई भाषेत तिला 'थाम मोराकोत' म्हणतात. 'थाम' म्हणजे गुहा आणि 'मोराकोत' म्हणजे आपलाच मरकत, पाचू. त्रांग प्रांतातल्या कोह मूक बेटाच्या पश्चिम बाजूला चुनखडीचा उभा कडा आहे, त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या पातळीवर एक तोंड. तिथून साधारण ८० मीटर लांबीचा बोगदा. लोकलचे चार डबे एकामागोमाग लावले तर होईल तेवढा. सुरुवातीला मागून येणाऱ्या उजेडात पाणी हिरवं चमकतं, नाव त्यावरूनच पडलं. मग बोगदा वळतो, उजेड संपतो, आणि मधल्या टप्प्यात हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. पुन्हा उजेड येतो आणि तुम्ही एका छोट्या पुळणीवर बाहेर पडता. चारी बाजूंनी झाडीने भरलेले उंच कडे, वर आकाशाचा तुकडा. विहिरीच्या तळाशी वाळू घालून ठेवावी तसं.

मुंबईकराला गुहा म्हटलं की घारापुरी आठवते. ते लेणं आहे, माणसाने बेसाल्टमध्ये छिन्नीने खोदलेलं. इथे छिन्नी पाण्याची. चुनखडी पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळते, आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. डोंगराच्या पोटात वरून झिरपणाऱ्या पाण्याने पोकळी झाली, कालांतराने तिचं छत कोसळलं, आणि बाजूने समुद्र आत शिरला. छत गेलेल्या अशा जागेला तिकडे 'होंग' म्हणतात, म्हणजे खोली. तुम्ही बोगद्यातून जाता ती त्या खोलीची एकमेव देवडी. दुसरं दार नाही, हे लक्षात ठेवा.

आता पाण्याचं. कोकणात आणि आपल्या कोळीवाड्यांत एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, भरती सहाच्या सुमारास. मुंबईला हे बऱ्यापैकी जुळतं. पण हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, तो घेऊन अंदमान समुद्रात जाऊ नका. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी. थायलंडमध्ये रॉयल थाई नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. बेटावरची कुठलीही बरी हॉटेलं आणि बोटवाले तीच वापरतात. त्यातली बेटाला जवळची जागा बघायची.

इथे एक हास्यास्पद वाटेल अशी चूक सांगते, कारण ती मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून झालेली पाहिली आहे. मुंबईत बसून मोबाइलवर वेळा बघतात, लिहून ठेवतात, आणि तिथे जाऊन तीच वेळ धरतात. ॲपने वेळ भारतीय दाखवलेली असते. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. ओहोटी साडेबाराची समजून तुम्ही जाता, तेव्हा ती खरं तर तिथल्या दोन वाजता व्हायची असते. अर्थात ही चूक निदान बऱ्या बाजूची, पाणी अजून उतरतंय. उलट गोंधळ केलात, म्हणजे तिथली वेळ भारतीय समजून आणखी दीड तास मिळवलात, तर तुम्ही चढत्या पाण्यात आत शिराल.

दीड तासाने एवढं काय बिघडतं? बोटवाल्यांच्या ठोकताळ्याने सांगते. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा आणि पाण्याच्या एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा चढ २.४ मीटरचा आहे. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी फक्त २० सेंटिमीटर वाढतं, कुणाला कळतही नाही. दुसऱ्या तासात ४०, तिसऱ्यात ६०. म्हणजे तीन तासांत मीटरच्या वर, तेही अशा जागेत जिथे डोक्यावर छत आहे. हाजी अलीला जाणारा रस्ता आठवा. पाणी आलं की थांबायचं, उतरलं की जायचं, कुणी वाद घालत नाही. इथे फक्त रस्त्यावर छप्पर आहे.

म्हणून माझा नियम एकच: ओहोटीच्या आधीच्या तासाभरात आत शिरायचं आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात बाहेर. पाणी उतरत असताना तुम्ही आत असाल तर उशीर झाला तरी दर मिनिटाला छत तुमच्यापासून दूर जातंय. पाणी चढत असताना गेलात तर उशीर तुमच्या विरुद्ध जातो.

तिथीचा हिशेब तिकडे वेळेसाठी चालत नसला तरी एका गोष्टीसाठी चालतो. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, हे जगभर सारखंच, चंद्र एकच आहे. उधाणाच्या दिवशी ओहोटीला पाणी खूप खाली जातं, छत उंच वाटतं, पण पाणी पळतंही वेगाने आणि वेळेची खिडकी अरुंद. भांगाच्या दिवशी पाणी शांत, पण ओहोटीलाही फार उतरत नाही, त्यामुळे डोक्यावरची जागा कमी. लहान मुलासोबत मी उधाणानंतर दोन-तीन दिवसांनी जाणं पसंत करते. यावर माझ्याशी न पटणारे अनुभवी लोक आहेत. ते भांगच बरा म्हणतात, आणि त्यांचंही म्हणणं अगदी चूक नाही.

भरतीचं कोष्टक मिळतं, लाटांचं नाही. हा भाग लोकांना पटवून देणं सगळ्यात कठीण जातं, कारण समुद्र बाहेरून शांत दिसत असतो. दूर कुठेतरी वादळ झालेलं असतं, तिथून निघालेली लांब, सपाट लाट शेकडो किलोमीटर चालत येते. उघड्या पाण्यात ती फक्त बोटीला हलकेच उचलून ठेवते. तीच लाट निमुळत्या बोगद्यात शिरली की तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती उंच होते. बाहेर गुडघ्याएवढी वाटलेली लाट आत छातीएवढी होऊ शकते. वांद्र्याच्या खडकांवर सेल्फी काढताना माणसं वाहून जातात ती याच विस्मरणाने, की दहा लाटा लहान आल्या म्हणजे अकरावी लहानच येईल असं नाही.

फेब्रुवारीत तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे ईशान्येकडून वारा असतो, म्हणजे जमिनीकडून. गुहा पश्चिम बाजूला, त्यामुळे बेटाचा आडोसा मिळतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येकडून वारा आणि लाटा थेट त्या कड्यावर आदळतात, तेव्हा तिकडे जायचा विचारही करू नये. तरीसुद्धा फेब्रुवारीतही मी तोंडाशी दहा-पंधरा मिनिटं बोट थांबवते. काय बघते? एक, भिंतीवरची कालवांची, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांची, रेघ. कालवं भरतीचं पाणी पोचतं तिथवरच वाढतात, त्यावरून हा बोगदा भरतीला किती भरतो ते डोळ्यांनी कळतं. दोन, त्या रेघेच्या खाली ओलसर पट्टा किती वर-खाली होतोय. सगळ्यात मोठी लाट आली तेव्हा पाणी कुठवर गेलं, तोच आकडा धरायचा, सरासरी नाही. तीन, कान. आतून 'घुम्म' असा दणका येत असेल तर लाट आत कुठेतरी हवा कोंडतेय. त्या आवाजावर मी तीनदा परत फिरले आहे. बोटीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली, ते साहजिकच आहे.

(२०१८ साली थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, त्याची भीती अनेक जण बोलून दाखवतात. ती डोंगरातली गुहा, पावसाच्या पुराने भरलेली. तिचा आणि या बोगद्याचा संबंध एवढाच की दोन्ही चुनखडीत आहेत.)

आता माझी चूक. एका वर्षी कोह क्रादान या जवळच्या बेटावर जेवण लांबलं. तिथली पुळण सुंदर, कुणी पाण्यातून निघेना, आणि मीही घाई केली नाही. गुहेशी पोचलो तेव्हा ओहोटी होऊन दीड तास झाला होता. लाट नव्हती. मनाने म्हटलं, वीस मिनिटांचं तर काम. आत जाताना ठीक गेलं. परतताना वळणावर, अगदी काळोखात, समोरून दुसऱ्या सहलीची तीसेक माणसं आली. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर दोन्ही बाजूंनी गाड्या रिकाम्या झाल्यावर जे होतं, ते पाण्यात होतंय अशी कल्पना करा. कुणाचं कोपर कुणाच्या तोंडावर, शिट्ट्या, किंकाळ्या, आणि प्रत्येक आवाज चारपट होऊन परत येतोय.

आमच्यातलं कोण घाबरलं असेल? ज्यांना पोहता येत नव्हतं अशा दोघी पुढच्याच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरून गप्प होत्या. घाबरले ते रोज सकाळी एक किलोमीटर पोहणारे गृहस्थ. त्यांनी मागून माझ्या गळ्याला मिठी मारली. मी आजही त्यांना दोष देत नाही. तलावात पोहणाऱ्याचा सगळा विश्वास तळाच्या काळ्या रेघेवर, मोकळ्या हातांवर आणि लयीत घेतलेल्या श्वासावर असतो. इथे रेघ दिसत नाही, जॅकेटमुळे हात चालत नाहीत, आणि तोंडाशी दुसऱ्याचा पाय. जे येतं तेच काढून घेतलं की माणूस जास्त बिथरतो. बाहेर यायला आम्हाला वीस मिनिटं लागली. खरचटलेली कोपरं आणि एक बुडालेला मोबाइल, याहून नुकसान झालं नाही. पण चढत्या पाण्यात नेलं मी होतं.

लाइफ जॅकेट काय करतं हे यावरून कळेल. ते तुम्हाला तरंगवतं. ते पुढे नेत नाही, दिशा देत नाही, घाबरणं थांबवत नाही. आणि छत जवळ आलं तर तेच तुम्हाला छतापाशी दाबून धरतं, खाली बुडी मारून निसटता येत नाही. म्हणून "जॅकेट आहे ना" हे वाक्य फक्त तेव्हा खरं, जेव्हा डोक्यावर भरपूर हवा आहे.

आईंचं. ताई, तुम्हाला काळजी त्यांच्या पोहण्याची आहे, मला त्यांच्या गुडघ्यांची. बोगद्यात त्या पाठीवर तरंगत, पुढच्याचा पट्टा धरून बहुधा छान जातील. पोहता न येणारी, मुकाट सूचना ऐकणारी ज्येष्ठ मंडळी माझ्या अनुभवात सगळ्यात सोपी असतात. अडचण आहे ती बोटीत परत चढताना. लाँगटेल बोटीला, म्हणजे तिकडच्या लांबट लाकडी होडीला, बाजूला अडकवलेली एक छोटी शिडी असते, तिच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. बोट डोलतेय, अंगावर ओलं जॅकेट, आणि एक गुडघा छातीपर्यंत उचलून सगळं वजन त्यावर घ्यायचं. तरुण माणसंही तिथे धडपडतात. मागून ढकलणं आणि वरून ओढणं सुरू होतं, त्यात खांदे दुखावतात. घरी परीक्षा घ्या. आईंना हाताचा थोडाच आधार देऊन उंच स्टुलावर चढता येतं का बघा, लागोपाठ तीन वेळा. येत नसेल तर विषय तिथेच संपला, मग समुद्र कितीही शांत असो. याशिवाय हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कालवांची धार चाकूसारखी असते, आणि अशी गोळी घेणाऱ्याचं रक्त लवकर थांबत नाही.

मुलाचं सोपं आहे, फक्त जॅकेट त्याच्या मापाचं हवं. सहलीच्या बोटीवर बहुतेकदा मोठ्यांचीच असतात, मुलांची दोन-चार, तीही तुटक्या बकलांची. घातल्यावर दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते पाण्यात मुलाच्या अंगातून निघणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मुंबईहूनच घेऊन जा, सामानात फारशी जागा खात नाही.

तुमच्यासाठी आणि मुलासाठी एक गृहपाठ देते. निघायच्या आधी दोन रविवार तलावावर जा, तिथल्या जीवरक्षकाला काय करताय ते सांगा. जॅकेट घालून पाठीवर तरंगा, नवऱ्याने पुढे राहायचं, तुम्ही त्याच्या जॅकेटचा पट्टा धरायचा, मुलाने तुमचा, आणि फक्त पाय मारत पंचवीस मीटरच्या तलावाच्या तीन-सव्वातीन लांब्या पार करायच्या. तेवढंच ते अंतर. पहिल्यांदा डोळे उघडे. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा डोळे मिटून आणि कुणीतरी तोंडावर पाणी उडवत असताना. तिसऱ्या खेपेला पोटात कसंतरी होतं, श्वास अडकतो, हात आपोआप काहीतरी धरायला जातात. ती भावना शिवाजी पार्कच्या तलावात एकदा अनुभवून ठेवली की अंधारात ती ओळखीची वाटते. माझ्या गटाला मी हे केल्याशिवाय नेतच नाही. काही जण याच टप्प्यावर स्वतःहून गळतात.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगून टाकते. ओढणी, सैल सलवार, लांब कुर्ता नको, अंगाला बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग्ज बरी. मंगळसूत्र आणि साखळ्या हॉटेलात ठेवा. जॅकेटच्या बकलात अडकून गळ्याला काचलेलं मी पाहिलं आहे. चष्म्याला मागून दोरी. पायात पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट, चपला वाहून जातात. खरचटलं तर समुद्राच्या पाण्याने धुतलं म्हणजे झालं असं समजू नका, गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन जंतुनाशक लावा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. जेलीफिश डसल्यास चोळायचं नाही, त्यावर व्हिनेगर ओतायचं. त्या किनाऱ्यांवर काही ठिकाणी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील, त्या सॅलडसाठी नव्हेत. सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट यांसारखी प्रवाळांना घातक द्रव्यं असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहे, आणि ही गुहा हात चाओ माई राष्ट्रीय उद्यानात येते.

आत छताकडे टॉर्च मारत, फ्लॅश उडवत बसू नका. अशा गुहांतून वटवाघळं असतात, पाकोळ्या असतात. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांतही पाकोळ्या घरटी करतात, आणि घरट्यांच्या चोरीपासून त्यांना वाचवायला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने बरीच धडपड केली आहे. थायलंडमध्ये पक्ष्याच्या लाळेची ही घरटी खाण्यासाठी काढायचा रीतसर परवान्याचा धंदा आहे. जात वेगळी, पण पक्षी त्याच कुळातला, अंधारात स्वतःच्या आवाजाच्या पडसादावर वाट काढणारा. तुमच्या किंकाळीने त्याचाही गोंधळ होतो.

आता तुमच्या बेताकडे. लांताहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत चार बेटं, जेवण आणि परतीची वेळ आधीच ठरलेली असते. पाण्याची वेळ त्यात कुठे बसली तर बसली. बरेच सहलवाले भरतीप्रमाणे बेटांचा क्रम बदलतात, काही बदलत नाहीत. पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "आमच्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे आणि तुम्ही गुहेशी किती वाजता पोचता?" ज्याने लगेच दोन वेळा सांगितल्या त्याच्याकडे जा. "नो प्रॉब्लेम, मॅडम" असं उत्तर आलं तर नका जाऊ. सगळ्या सहली दुपारच्या आसपास तिथे एकदम पोचतात, ही दुसरी अडचण.

माझं ऐकाल तर लांताच्या रात्रींमधल्या दोन कमी करा आणि कोह मूकवरच राहा. बेटावर राहिलात की ओहोटी सकाळी आठला असो वा दुपारी तीनला, तुम्ही स्थानिक लाँगटेल घेऊन त्या वेळेला जाऊ शकता. लाट असेल तर उद्या. उद्याही असेल तर परवा. पश्चिमेच्या पुळणीवरून कायाकनेही जाता येतं, पण तुमच्या घरच्यांपैकी फक्त नवऱ्याला ते जमेल असं दिसतंय, तेव्हा राहू दे. खर्च थोडा वाढेल, पोराला कंटाळा येईल, तिथे मॉल नाहीत. मला तर तेच आवडतं.

आईंची स्टुलाची परीक्षा जमली नाही, तर त्यांना बोटीतच बसवून "तुम्ही थांबा, आम्ही आलोच" असं करू नका. तासभर उन्हात, डिझेलच्या वासात, डोलत्या बोटीत बसणं ६३ व्या वर्षी शिक्षाच आहे. त्यापेक्षा त्या दिवशी त्यांना पुळणीवर सावलीत राहू दे, सोबत तुमच्यापैकी एक जण. आणि त्यांच्यासाठी वेगळी गुहा ठरवा. फांगन्गा उपसागरात थाम लोत नावाचा समुद्रातला बोगदा आहे, त्यातून पाणी योग्य असेल तेव्हा बोटीत बसल्या बसल्या आरपार जाता येतं. वरून लोंबणारे चुनखडीचे झुंबर अगदी डोक्यावर येतात. तिथे फुगवायच्या होड्यांतूनही नेतात. त्यात झोपून जावं लागतं आणि नंतर जमिनीलगत बसलेल्या अवस्थेतून उठावं लागतं, म्हणजे पुन्हा गुडघे आले. आईंना मोठ्या बोटीतच बसवा. हे ठिकाण फुकेतच्या बाजूला आहे, तुमचं परतीचं विमान तिथून असेल तर वाटेत बसतं.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: मुलगा हो, योग्य जॅकेट आणि दोन रविवार झाले तर. तुम्ही हो, त्याच अटीवर. नवरा हो, पण सगळ्यांत पुढे वाटाड्या आणि शेवटी नवरा, मधे तुम्ही दोघं, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की आत पोहायचं नाही, तरंगायचं आहे. आई, शिडीवर अवलंबून.

राहिला तिसरा प्रश्न, "आज नको" कोणी म्हणायचं. बोटवाल्याने. तो तिथे जन्मलेला असतो, त्याला तो दणका आपल्या आधी ऐकू येतो. पण त्याने नको म्हटलं की त्याची अर्धी मजुरी बुडणार असेल तर तो हो म्हणेल, तुम्ही-आम्हीही तेच करू. मी निघायच्या आधी, किनाऱ्यावर असतानाच, सगळे पैसे त्याच्या हातात ठेवते आणि दुभाष्याकडून सांगते की गुहेशी जाऊन परत फिरलो तरी हे तुझेच. ज्या तीन वेळा आम्ही फिरलो, त्यातल्या दोन वेळा मला आवाज ऐकू यायच्या आधीच त्याने इंजिन बंद करून मान हलवली होती.